नादारी, शिष्यवृत्ती आणि हक्क

'नादारी' हा शब्द आजच्या तरुण श्रोत्यांपैकी फार थोड्यांनी ऐकला असेल. तो फारसीतून मराठीत आला. जवळ काही नसणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि कायद्याच्या मराठीत दिवाळे निघण्याच्या अवस्थेला आजही नादारीच म्हणतात. परंतु मागील पिढीच्या घरांत या शब्दाचा रोजचा अर्थ निराळा होता. शाळेची फी माफ होणे म्हणजे नादारी मिळणे. सगळी फी माफ झाली तर पूर्ण नादारी, निम्मी झाली तर अर्धी.

माझे वडील १९५०च्या दशकात एका लहान गावच्या खाजगी शाळेत शिकत होते. त्यांनी सांगितलेली एक हकीगत माझ्या मनातून कधी गेली नाही. महिन्याच्या फीच्या दिवशी शाळेचा कारकून वर्गात येई, नादार मुलांची नावे मोठ्याने वाची आणि त्यांना भिंतीपाशी उभे करी. मग उरलेल्यांकडून फी गोळा होई. वडिलांच्या बाकावर बसणारा एक मुलगा गणितात वर्गात पहिला असे. वर्षाच्या मध्यास त्याच्या वडिलांचा रोजगार गेला आणि मुख्याध्यापकांनी आपण होऊन त्याला पूर्ण नादारी दिली. त्याचे नाव त्या यादीत एकदा वाचले गेले. दुसऱ्यांदा वाचले जाण्यापूर्वीच त्याने शाळा सोडली. वडील म्हणत, त्याची फी माफ झाली होती, तरीही शाळा सुटली.

खाजगी शाळेचे शिक्षण इतरांच्या साहाय्याने कसे घेता येते, त्या साहाय्याचे प्रकार कोणते आणि ते घेताना पालकांनी काय पाहावे, याचा विचार आज करावयाचा आहे. तो करताना भिंतीपाशी उभा असलेला तो मुलगा आपण नजरेआड होऊ देऊ नये, एवढीच माझी प्रारंभी विनंती आहे.

प्रथम फी आली कोठून ते पाहू. १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आपल्या देशात घालून दिली. त्या खलित्यातच एक अट होती. ज्या शाळेस अनुदान हवे, तिने विद्यार्थ्यांकडून थोडीतरी फी घेतली पाहिजे. फुकट मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाही, अशी त्यामागची समजूत होती. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि तशा शाळा ठिकठिकाणी निघू लागल्या. त्या लोकांच्या होत्या. पण फीवाचून त्यांचाही निभाव लागणे कठीण होते. अशा रीतीने फी हा शाळेचा प्राणवायू ठरला, आणि ज्याच्यापाशी फी नाही त्याचे काय करावयाचे हा प्रश्न फीबरोबरच जन्माला आला.

या प्रश्नाची पहिली मार्मिक चिकित्सा एका मराठी माणसाने केली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी शिष्यवृत्तीच्या चालू पद्धतीवर बोट ठेवले. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे, त्यांच्याच पदरात या शिष्यवृत्त्या पडतात. स्पर्धेने त्या देणे वरवर न्याय्य दिसले तरी इतरांमध्ये शिक्षण पसरण्यास त्याचा उपयोग होत नाही, असा त्यांचा आशय होता. शिष्यवृत्ती आणि साहाय्य या दोन गोष्टी दिसावयास सारख्या, परंतु जातीने वेगळ्या आहेत. शिष्यवृत्ती गुणांचे पारितोषिक असते. ती श्रीमंताच्या मुलालाही मिळू शकते. साहाय्य गरज पाहून दिले जाते. ते मिळण्यास पहिला क्रमांक लागत नाही. पालक या दोहोंत गल्लत करतात, आणि मुलगा वर्गात पहिला नाही म्हणून अर्जच करीत नाहीत. शाळाही पुष्कळदा ही गल्लत करतात, आणि ज्यांना गरज नाही त्यांना सवलत देऊन शाळेच्या नावलौकिकाची बेगमी करतात. म्हणून शाळेत चौकशीस जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा की, आपल्याकडील सवलत गुणांवर आहे की गरजेवर?

दुसरा प्रश्न असा की, हा पैसा येतो कोठून? जुन्या शाळांच्या दिवाणखान्यात संगमरवरी पाट्या असतात. कोणा सद्गृहस्थाने मातोश्रींच्या स्मरणार्थ हजार रुपये ठेवलेले असतात, आणि त्यांच्या व्याजातून एका होतकरू विद्यार्थ्यास साहाय्य द्यावे असे लिहिलेले असते. पाटी अजून चकाकते, पण व्याजात आज एक वहीदेखील धड येत नाही. याचे गणित सोपे आहे. समजा, एका शाळेची वार्षिक फी ४२,००० रुपये आहे आणि ठेवीवर सात टक्के व्याज मिळते. एका मुलाची फी कायमची भरण्यासाठी सहा लाखांचा निधी लागेल. पण फी जर दरसाल आठ टक्क्यांनी वाढत गेली, तर नऊ वर्षांत ती दुप्पट होते. व्याज मात्र तेवढेच राहते. ज्या निधीने आज एक मूल शिकते, त्याने नऊ वर्षांनंतर अर्धेच शिकेल. म्हणून व्याजाचा काही भाग मुद्दलात परत घालावा लागतो, आणि निधीत वरचेवर भर पडावी लागते. जेथे निधी नाही तेथे सवलतीचा भार इतर पालकांच्या फीवर पडतो. तोही मार्ग गैर नाही. मात्र तो सांगून सवरून असावा.

फीमाफीने प्रश्न संपत नाही हे ज्यांनी ओळखले, त्यांत दोन नावे ठळक आहेत. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या शाळेची फी माफ केली तरी तो जेवणार कोठे आणि निजणार कोठे, हा विचार त्यामागे होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि वसतिगृहातील मुलांना 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. ज्या मुलाने आपल्या शिक्षणाचा काही भाग स्वतःच्या श्रमाने फेडला, त्याला भिंतीपाशी उभे करण्याचे धैर्य कोणास होणार? साहाय्य आणि स्वाभिमान एकत्र नांदू शकतात, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

खर्चाची हीच दृष्टी आजच्या पालकांनीही ठेवावी. फी हा हिशेबातला एकच रकाना आहे. त्याखाली गणवेश, पुस्तके, शाळेची बस, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख आणि अलीकडे मोबाइल असे रकाने येतात. फी माफ झाल्याच्या आनंदात पालक मुलाला शाळेत घालतात, आणि बसच्या खर्चापायी दोन वर्षांत काढून घेतात, असे घडते. प्रवेशापूर्वी शाळेकडून सर्व बाबींचा लेखी आकडा मागून घ्यावा, सवलत त्यांतील कोणत्या बाबींना लागू आहे ते विचारावे, आणि ती एका वर्षापुरती आहे की मूल शाळेत असेतोवर, याचा खुलासा करून घ्यावा.

आणखी एका गोष्टीविषयी सावध केले पाहिजे. फीसाठी हप्त्यांची सोय करून देणाऱ्या खाजगी वित्तसंस्था हल्ली पुष्कळ निघाल्या आहेत. हप्ते म्हणजे साहाय्य नव्हे. ते कर्ज आहे. उच्च शिक्षणासाठी कर्ज काढणारा विद्यार्थी तीन-चार वर्षांत मिळवता होतो आणि स्वतः ते फेडू लागतो. पहिलीतल्या मुलाची मिळकत सुरू होण्यास दीड तप तरी जावे लागते. तोवर फेड आईबापांच्या चालू मिळकतीतूनच व्हावयाची. आणि चालू मिळकत पुरत नाही म्हणूनच तर कर्ज काढलेले असते.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. शिष्यवृत्ती आणि साहाय्य यांच्या पलीकडचा हा प्रकार म्हणजे हक्क. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याला अनुसरून २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाने खाजगी विनाअनुदानित शाळांवर एक कर्तव्य घातले आहे. प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना द्यावयाच्या, आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, त्यांना विनामूल्य शिकवावयाचे. सरकार आपल्या शाळांत एका मुलामागे जेवढा खर्च करते तेवढी रक्कम, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी कमी असेल ती शाळेला परत देते. तेराव्या कलमाने देणगीशुल्कास आणि प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची परीक्षा घेण्यास मनाई केली आहे.

शाळांनी या कायद्यास न्यायालयात आव्हान दिले. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो वैध ठरवला. मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या, आणि २०१४च्या निकालाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना सूट मिळाली. म्हणून अर्ज करण्यापूर्वी शाळा कोणत्या वर्गातील आहे हे पाहून घ्यावे. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या कर्तव्यातून मोकळे केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. हक्क कागदावर आला म्हणजे काम संपले असे नाही. तो राखावा लागतो, हे यावरून दिसेल.

उत्पन्नाची मर्यादा आणि कागदपत्रे प्रत्येक राज्यात निराळी आहेत. परराज्यांत राहणाऱ्या मराठी बांधवांनी महाराष्ट्रातील नातेवाइकांच्या सांगण्यावर विसंबू नये. आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याची जाहीर सूचना पाहावी. सर्वसाधारणपणे रहिवासाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, आणि उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागतो. जागांपेक्षा अर्ज अधिक असल्यास सोडत निघते. पुष्कळ अर्ज बाद होतात ते पात्रतेअभावी नव्हे, तर पत्त्यातील तफावतीमुळे किंवा दाखला वेळेवर न मिळाल्यामुळे. सरकारी नोकर या नात्याने मी एवढेच सांगेन की, दाखल्यासाठीची धावपळ प्रवेशाची जाहिरात निघाल्यावर सुरू करू नये. काही महिने आधीच करावी.

या हक्काला एक कडा आहे, आणि ती फार थोडे पालक आधी पाहतात. हक्क आठवीत संपतो. नववीच्या पहिल्या दिवशी तेच मूल, त्याच शाळेत, त्याच बाकावर, पण पूर्ण फीचे बिल हातात, अशी स्थिती येऊ शकते. त्यात भर अशी की, आठवीनंतर हुशार आणि गरजू मुलांना वर्षाला १२,००० रुपये देणारी जी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, ती सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत हक्काने गेलेले गरीब मूल त्या परीक्षेला बसू शकत नाही. एका दाराने आत आले म्हणून दुसरे दार बंद होते. काही दारे मात्र उघडी आहेत. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी २०२१ साली जाहीर झालेल्या 'श्रेष्ठ' या केंद्रीय योजनेत, परीक्षेतून निवडलेल्या मुलांना नववीत किंवा अकरावीत चांगल्या खाजगी निवासी शाळेत प्रवेश मिळतो आणि तेथील खर्च शासन उचलते. सैनिकी शाळांतूनही, ज्यांतील पहिली १९६१ साली साताऱ्यास निघाली, पालकांच्या उत्पन्नाच्या पायऱ्यांप्रमाणे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत आहे. पालकांनी मूल सातवीत असतानाच नववीचा विचार करावा, आणि शाळेशी त्याच वेळी बोलून ठेवावे.

या सर्व गोष्टी मला एका प्रसंगाने शिकवल्या. आमच्या कार्यालयातील एक मराठी वाहनचालक दोन वर्षांपूर्वी एके संध्याकाळी माझ्या खोलीत आले. त्यांचा मुलगा २५ टक्क्यांच्या जागेवर एका खाजगी शाळेत शिकत होता आणि आठवी संपत आली होती. शाळेकडे फीच्या सवलतीचा अर्ज करावयाचा होता. तो मी लिहून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. मी लिहावयास बसलो, तेव्हा ते थोडे थांबून म्हणाले, "साहेब, एक विचारू का? हे वर्गातल्या पोरांना कळेल का?"

माझ्या टेबलावर त्या वेळी दुसराही एक कागद होता. माझ्या दोन मुलांच्या शिक्षणभत्त्याची मागणी. केंद्र सरकारच्या नोकरास दोन मुलांपर्यंत हा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा दरमुलामागे २,२५० रुपये होता. २०२४ साली २,८१२ रुपये ५० पैसे झाला. म्हणजे एका मुलामागे वर्षाला ३३,७५० रुपये. हा पैसा सरकारी तिजोरीतूनच येतो. तो मागताना मला कधी संकोच वाटला नव्हता, माझ्या मुलांच्या वर्गात त्याची यादी वाचली जाईल अशी भीती वाटली नव्हती, आणि त्याला कोणी नादारी म्हटले नव्हते. त्या अर्जावर मी आठ दिवसांपूर्वी निर्धास्त सही केली होती. दोन कागद शेजारी शेजारी पाहून मला माझीच लाज वाटली.

मी त्यांना म्हणालो, "भाऊ, माझा हा कागद बघा. माझ्या पोरांच्या शिक्षणालाही सरकार पैसे देतं. तुमचा अर्ज आणि माझा अर्ज एकाच जातीचे आहेत." त्यांनी कागद पाहिला. ते हसले, पण त्यांना पुरते पटले नसावे. कारण माझ्या मुलाला कोणी भिंतीपाशी उभे करणार नव्हते, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. अर्ज आम्ही लिहिला. त्याच्या अखेरीस त्यांच्या सांगण्यावरून एक वाक्य घातले: ही बाब कार्यालयापुरती ठेवावी. शाळेने निम्मी फी माफ केली आणि ती विनंतीही पाळली. उरलेली निम्मी फी ते दरमहा भरतात. मुलगा आता दहावीत आहे.

अशी मुले वर्गात आल्याने इतरांचे काही बिघडते का, अशी शंका काही सुखवस्तू पालक खाजगीत बोलून दाखवतात. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीतील उच्चभ्रू शाळांतील मुलांचा अभ्यास करून २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गरीब सोबत्यांबरोबर शिकलेली सधन मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट दिसली, हिंदी व गणितात परिणाम दिसला नाही. मला वाटते, हा सौदा कोणत्याही सुजाण पालकाने आनंदाने स्वीकारावा.

शाळाचालकांसाठी माझी मागणी लहान आहे. सवलतीचे अर्ज एका बंद पाकिटात घ्यावेत. निर्णय पालकांना एकांतात कळवावा. फीची थकबाकी मुलाला वर्गात विचारू नये. ती पालकांना विचारावी. सवलतीच्या मुलाचा गणवेश, पुस्तके आणि सहल इतरांसारखीच असावी. या चारही गोष्टींना पैसा लागत नाही, किंवा फार थोडा लागतो.

माझे वडील पुढे शिकले, नोकरीस लागले आणि निवृत्त झाले. गणितात पहिला येणारा तो मुलगा कोठे गेला, हे त्यांना कधी समजले नाही. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की ते त्याची आठवण काढीत, आणि आठवणीच्या शेवटी नेहमी एकच वाक्य म्हणत: "त्या कारकुनाने यादी नुसती मनात वाचली असती, तरी पुरे झाले असते."